ताणावरचं लिंबू

(दृश्य: वडगावची गल्ली. मागांची खटखट. कॅमेरा जिना चढून गच्चीवर.)

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर भागात फिरताना आधी कानावर पडतो तो मागाचा आवाज. मान वर केली की दिसतात गच्चीच्या कठड्यावरून डोकावणारी झाडं, निळ्या बॅरलमधली. पूर्वी हीच झाडं खाली परड्यात असायची. न्हाणीच्या पाण्यावर केळ, विहिरीच्या कडेला पेरू, कोपऱ्यात डाळिंब. मग परड्यात खोली आली, खोलीवर मजला चढला, आणि झाडांनीही जिना चढला.

ही गच्ची एका मावशींची. नाव विचारलं तर म्हणाल्या, "माझं कशाला घालताय? लिंबाचं घाला की."

(दृश्य: कापलेलं बॅरल, खाली विटा, बुडाला अंगठा जाईल एवढी भोकं.)

200 लिटरचं बॅरल मधोमध कापलं की दोन कुंड्या होतात. ओल्या मातीसकट एकेक कुंडी सव्वाशे-दीडशे किलोंच्या घरात जाते, म्हणून ती गच्चीच्या मध्यावर नाही, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथंच ठेवायची. आत निम्मी तांबडी माती, बाकी शेणखत, कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड. नुसती तांबडी माती भरली तर पहिल्याच पावसात ती दबून घट्ट होते.

पहिल्या वर्षी मावशींनी तेच केलं होतं. शिवाय भोकं बारीक, बॅरल थेट स्लॅबवर. जुलैत पानं पिवळी पडली. झाड उपाशी आहे असं समजून त्यांनी खत घातलं आणि वरून पाणीही. गणपतीपर्यंत झाड गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, कुजलेली.

मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगतात, कुंडीला रोज पाणी घाला. सांगणारा कुठल्या गावचा आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात पश्चिमेला खानापूरचं जंगल आहे आणि पूर्वेला अथणीच्या द्राक्षबागा. खानापूरच्या निम्मासुद्धा पाऊस अथणीला होत नाही. बेळगाव शहर सह्याद्रीच्या बाजूचं. इथं जून ते सप्टेंबर कुंडीला पाणी घालायचं नसतं, कुंडीतून काढायचं असतं.

(दृश्य: लिंबाची सुकलेली पानं. मातीवर प्लास्टिकचा कागद, खोडाभोवती सुतळी.)

आता हे बघा. हे झाड मरत नाहीये. याला ताण दिलाय.

कागदी लिंबाचं पाणी तोडलं की त्याची पालवी थांबते, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटीबरोबर फुलं येतात. शेतकरी याला बहार धरणं म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. सगळ्यात मोलाचा हस्त, कारण त्याची फळं ऐन उन्हाळ्यात हाताशी येतात, लिंबू महागतं तेव्हा. पण शेतात हस्त धरणं अवघड. सप्टेंबरात आभाळ गळत असताना जमिनीला ताण बसायचा कसा?

आणि इथं बॅरलवाल्याचं नशीब उघडतं. मावशी मातीवर कागद बांधतात, झालं. जमिनीतल्या झाडाला ताण बसायला महिना-दीड महिना लागतो. कुंडीत ओल कमी, त्यामुळं काम दिवसांवर येतं. पानं मलूल होऊन थोडी गळाली की कागद सोडायचा, शेणखत द्यायचं, आणि पाणी एकदम नाही, तर चढत्या मापानं.

पेरूचंही थोडं असंच. पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीच्या आळ्या होतात, म्हणून एप्रिल-मेची फुलं मावशी खुडून टाकतात. झाड हिवाळ्यात फळतं. अंजिराला काही शिकवावं लागत नाही. पुणेरी अंजिराला परागीकरणाची गरज नसते, एकटं झाडसुद्धा धरतं. आंब्याची हौस असेल तर आम्रपालीचं कलम, 1971 मधली दशेरी-नीलमची बुटकी जात. हापूसचा हट्ट गच्चीवर नको.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर नीट बघा. ती हलली तर आळी आहे, लिंबावरच्या फुलपाखराची. मावशी ती चिमटीनं उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर ठेवतात. तिथंही ती पानं खातेच, पण तेवढं चालतंय म्हणतात.

(दृश्य: जिन्यातून तांब्या घेऊन येणारा नातू.)

ताणाच्या दिवसांत खरी राखण माणसांपासून करावी लागते. सुकलेलं झाड कुणालाच बघवत नाही. गेल्या वर्षी घरातल्या कुणीतरी गुपचूप पाणी घातलं आणि लिंबाला नुसता पाला फुटला, फूल एक नाही. कुणी घातलं ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

आज कागद सुटणार आहे. मावशी बोट दोन पेरं मातीत घालतात, बाहेर काढून नातवाला दाखवतात. बोट कोरडं.

"घाल आता. अर्धाच तांब्या हं."