नाव, नमुना आणि नातं

पडद्यावर दिसणारा हा सांगाडा इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात उभा आहे. सांगाडा हत्तिणीचा आहे, आणि ती हत्तीण कोण होती हेही ठाऊक आहे. तिचं नाव हान्स्केन. श्रीलंकेत जन्मली, लहान असतानाच डच जहाजातून युरोपात गेली आणि पुढं गावोगाव कसरती करून दाखवत फिरली. १६३७च्या सुमारास रेम्ब्राँनं तिची चित्रं काढली. १६५५ मध्ये फ्लॉरेन्समध्येच ती मेली.

आज तिच्या हाडांवर एक मोठी जबाबदारी आहे. 'एलेफास मॅक्सिमस', म्हणजे आशियाई हत्ती, हे नाव नेमकं कोणत्या प्राण्याचं, असा वाद उद्या निघालाच तर त्याचा निवाडा या सांगाड्यावरून व्हायचा.

नावाला असा एक खराखुरा देह जोडून ठेवायचा, हा जीवशास्त्रातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा नियम. नवी जाती सापडली की तिचं वर्णन करणारा संशोधक एक नमुना निवडतो. त्याला होलोटाइप म्हणतात. तो क्रमांक घालून संग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे पुढं कुणालाही जाऊन तपासता येतो. वर्णनात गफलत होऊ शकते, चित्रातला रंग फसवा असू शकतो. कधी कधी शंभर वर्षांनी कळतं, की एकाच नावाखाली आपण दोन वेगळ्या जाती धरून बसलो होतो. मग जुनं नाव कुणाकडं जाणार? होलोटाइप ज्या जातीचा निघेल, तिच्याकडं. दुसरीला नवं नाव मिळतं आणि प्रश्न मिटतो.

हत्तीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न फार उशिरा मिटला. १७५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं हत्तीला हे नाव दिलं, तेव्हा होलोटाइप नेमण्याची पद्धतच नव्हती. त्याच्या नोंदीशी जोडला जाणारा नमुना म्हणजे बरणीत, मद्यार्कात बुडवून ठेवलेला हत्तीचा एक गर्भ. ॲम्स्टरडॅमच्या आल्बर्टस सेबा नावाच्या औषधविक्रेत्याच्या प्रसिद्ध संग्रहातला. ती बरणी आजही स्टॉकहोमला आहे. पुढं अभ्यासकांना शंका येऊ लागली, की हा गर्भ आशियाई दिसत नाही. इतकी वर्षं मद्यार्कात राहून त्यातला डीएनए पार तुटलेला होता, म्हणून प्रथिनं तपासली गेली. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: गर्भ आफ्रिकी हत्तीचा.

यातला धोका लक्षात घ्या. नाव त्या गर्भाला बांधलेलं राहिलं असतं, तर आशियाई हत्तीचं नाव नियमानुसार आफ्रिकी हत्तीकडं गेलं असतं. म्हणून संशोधकांनी लिनिअसची मूळ नोंद पुन्हा बारकाईनं वाचली. तिच्यात जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाचा संदर्भ होता. रेनं फ्लॉरेन्समध्ये पाहिलेल्या एका हत्तीचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तो माग काढत मंडळी या सांगाड्यापर्यंत पोचली, हाडं आशियाई हत्तीचीच निघाली आणि हान्स्केन त्या नावाचा रीतसर आधार ठरली.

आता लिनिअसकडे वळू. तो टोमॅटोबद्दल काय लिहितो बघा. त्याआधी वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं एक वाक्यच असायचं. काटे नसलेल्या मऊ खोडाचं, पिसासारख्या कातरलेल्या पानांचं, साध्या घोसांचं सोलॅनम, असं काहीतरी. नवी, त्याच्यासारखीच वनस्पती सापडली, की दोघींतला फरक कळावा म्हणून वाक्य आणखी लांबायचं. १७५३च्या ग्रंथात लिनिअसनं ही वाक्यं तशीच ठेवली, पण पानाच्या समासात प्रत्येकापुढं एकेक शब्द छापला. टोमॅटोपुढं होता 'लायकोपर्सिकम'. सोलॅनम लायकोपर्सिकम: पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा जातीचा. समासातली ही सोयीची खूण इतकी उपयोगी ठरली, की मूळची लांबलचक वाक्यं मागं पडली आणि ही जोडनावं राहिली. म्हणूनच वनस्पतींच्या अधिकृत नावांची सुरुवात १७५३ पासून धरतात आणि प्राण्यांच्या बहुतेक नावांची १७५८ पासून. एकाच जातीला दोघांनी दोन नावं दिली असतील, तर साधारणपणे आधीचं नाव टिकतं.

टोमॅटोची गोष्ट मात्र इथं संपत नाही. फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाला टोमॅटो सोलॅनमपेक्षा वेगळ्या प्रजातीतला वाटला. १७६८ मध्ये त्यानं 'लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम' हे नाव दिलं आणि पुढं दोन शतकं पुस्तकांत बहुधा तेच चाललं. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएचा पुरावा हाती आला. टोमॅटो बटाट्याचा इतका जवळचा नातलग निघाला, की त्याला सोलॅनममधून बाहेर ठेवायला कारणच उरलं नाही. लिनिअसचं नाव परत आलं.

नावं बदलली की लोक वैतागतात आणि त्यांचं वैतागणं मला समजतं. शेतीखात्याच्या याद्या, बियाण्यांच्या पाकिटांवरची नावं, पाठ्यपुस्तकं, सगळंच दुरुस्त करावं लागतं. पण जोडनावातला पहिला शब्द हा नात्याचा दावा असतो. टोमॅटोला सोलॅनम म्हणताना आपण सांगत असतो, की बटाटा आणि वांगं याच्या घरातले आहेत. दावा चुकीचा ठरला, तर शब्द बदलावाच लागणार.

प्रजातीच्या वर कुल, त्यावर गण, वर्ग, संघ आणि सृष्टी, ही उतरंड शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. तिच्यावर फार वेळ घालवायला नको. भुंगेऱ्यांचं एक कुल आणि पक्ष्यांचं एक कुल, ही दोन्ही एकाच मापाची नसतात. कुल केवढं असावं याचं कोणतंही माप निसर्गात नाही. या पायऱ्या माणसानं सोयीसाठी केल्या. वंशावळ मात्र खरी आहे, ती घडून गेलेली आहे.

ही वंशावळच वर्गीकरणाचा पाया असावी, हा विचार जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिगनं १९५० मध्ये नेटानं मांडला. त्याची अट कडक आहे. एखादा गट करायचा, तर त्यात एक पूर्वज आणि त्याचे सगळेच्या सगळे वंशज यायला हवेत. कुणी वेगळा दिसतो म्हणून त्याला वगळायचं नाही.

ही अट लावली, की ओळखीचे गट हलायला लागतात. पडद्यावर आता तीन प्राणी आहेत: मगर, पाल आणि चिमणी. यातले कुठले दोन जवळचे? डोळा म्हणेल मगर आणि पाल. खवले आहेत, चार पाय आहेत, चाल सरपटती आहे. पण मगरीचा आणि चिमणीचा सामाईक पूर्वज पालीच्या फांदीपासून आधीच वेगळा झालेला होता. मगरीच्या हृदयाला चिमणीसारखेच चार पूर्ण कप्पे असतात, पालीच्या नसतात. म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचा गट ठेवायचा, तर त्यात पक्षी घ्यावे लागतात. माशांचं तर याहून अवघड. फुफ्फुसमासा साल्मनपेक्षा गायीला जवळचा आहे. माशांचा गट पुरा करायचा म्हटलं, तर त्यात गाय येते, बेडूक येतो आणि आपणही येतो. बाजारात मासा हा शब्द अगदी नीट चालतो. वंशावळीत त्याच्या नावाची एक फांदी शोधायला गेलात, तर ती मिळत नाही.

जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं तर रेणूंवाचून गत्यंतर नव्हतं. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या, आरएनएची तुलना केली. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंसारखेच दिसणारे मिथेन तयार करणारे काही जीव त्यांना जीवाणूंपासून फार दूरचे आढळले. आज त्यांना आपण आर्किया म्हणतो.

आणि जाती म्हणजे काय, हाही प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. आपापसांत प्रजनन होतं ती एक जाती, ही एर्न्स्ट मायरची १९४२ची व्याख्या सर्वांत परिचित आहे. पण नर-मादीविना वाढणाऱ्या जीवांना ती लावणार कशी? जीवाश्मांना कशी? जिराफ ही अनेक वर्षं एकच जाती मानली जायची. २०१६ मध्ये जनुकीय अभ्यासानं चार असल्याचं सुचवलं आणि २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनीही चार मान्य केल्या. यात शब्दांचा कीस काढलाय असं कुणाला वाटेल, पण एकच जाती धरली की सगळ्या जिराफांची बेरीज होते आणि एखाद्या भागातली मोठी घट त्या बेरजेत दडून जाते. चार धरल्या की प्रत्येकीची मोजदाद वेगळी होते.

नावांत माणसांचा इतिहासही शिरलेला असतो. आफ्रिकेतल्या अनेक वनस्पतींच्या नावांत 'काफ्रा' हा शब्द होता, तिथल्या काळ्या लोकांना हिणवणाऱ्या शिवीशी जोडलेला. २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान होऊन दोनशेहून अधिक नावांत त्याऐवजी 'आफ्रा' करायचं ठरलं. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र अशा बदलांना तयार नाही. नावं स्थिर राहावीत, हे त्याचं म्हणणं. स्थिरतेची किंमत मी कमी लेखत नाही, पण इथं वनस्पतिशास्त्रज्ञांनी योग्य केलं असं मला वाटतं. एक अक्षर गेलं आणि कुठल्याही झाडाची ओळख हरवली नाही.

सगळ्यात मोठं काम अजून पुढंच आहे. २०११ मध्ये एका अभ्यासानं पृथ्वीवर, जीवाणू आणि आर्किया सोडून, सुमारे ८७ लाख जाती असाव्यात असा अंदाज केला. नावं मिळालेल्या जाती वीस लाखांच्या आसपास आहेत. उरलेल्या सगळ्याच दुर्गम जंगलात किंवा समुद्रतळाशी आहेत असंही नाही. २०१२च्या एका अभ्यासात दिसलं, की नवी जाती म्हणून जाहीर होण्याआधी नमुना संग्रहालयात सरासरी २१ वर्षं पडून असतो. गोळा करणारा एक असतो, आणि तो जीव वेगळा आहे हे ओळखू शकणारा तज्ज्ञ बहुतेकदा दुसराच. त्या गटाचे जाणकार जगभरात बोटांवर मोजण्याइतके असले, की खण उघडला जाईपर्यंत एक पिढी निघून जाते.