दुरुस्तीच्या घरांतले सहकार्य

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याविषयी बोलताना आपण बहुधा पहिल्या पंधरवड्यातल्या धावपळीचे स्मरण करतो. मी आज त्यानंतरच्या काही वर्षांविषयी बोलणार आहे.

सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यांतली अनेक गावे शासनाने दिलेल्या जागेवर देणगीदार संस्थांनी बांधली. घरे पक्की झाली, पण आखणी शहरी वसाहतीसारखी होती: रस्ते रुंद आणि काटकोनातले, भावकी पांगलेली, जनावरांना आणि कडब्याला पुरेशी जागा नाही. शासन आणि संस्था यांनी हातात हात घालून केलेले हे काम होते, हे मान्य करूनच मी म्हणतो की त्यात घरमालकाला फार उशिरा विचारले गेले.

ज्या गावांत घरे पडली नव्हती, केवळ तडकली होती, तिथली गोष्ट निराळी आहे. अशी घरे दोन लाखांच्या आसपास होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार, हीच रचना भूकंपात जीवघेणी ठरली होती. म्हणून माळवदावरची माती कमी करणे आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड बसवणे, असे उपाय ठरले. पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळणार होता आणि काम शासनाचे अभियंते तपासणार होते. तरीही सुरुवातीला लोक पुढे येईनात. दगडी घरावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. तेव्हा शासनाने ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे लोकसहभागाचे काम सोपवले आणि हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. हप्ता कशासाठी आहे, भिंतीत काय घालायचे आहे, हे त्यांनी घरोघरी समजावले आणि घरच्यांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत पोहोचवल्या. अधिकार आणि निधी शासनाकडेच राहिला. गावाचा विश्वास मात्र शासनाला स्वतःच्या बळावर मिळवता आला नसता, आणि तो या बायकांनी मिळवून दिला. संस्थेला नेमके काम, गावात वावरण्याची अधिकृत मुभा आणि पुरेसा काळ मिळाला, म्हणूनच हे घडले असे माझे ठाम मत आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने संस्थांच्या सहभागाला उत्तेजन देण्याची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे. जिल्हा आराखड्यात संस्थांची नावे नोंदवून ही जबाबदारी पुरी होत नाही. कोणती संस्था कोणत्या तालुक्यात काय करील आणि कोणत्या अधिकाऱ्याशी बोलेल, हे पावसाळ्याआधीच ठरायला हवे.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा मराठवाड्यातल्या या अनुभवी बायका तिथे गेल्या आणि घर उभे करताना बायांनी काय काय विचारून घ्यायचे, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले.