चेसी ऐकतो, पण विचार करून

[पहाट. उपसागराचं करडं पाणी. काठाला बर्फाचा पापुद्रा.]

पाण्यात डमी पडली, मारलेल्या पक्ष्याच्या जागी सरावासाठी फेकतात ती. काठावर बसलेला तपकिरी कुत्रा जागचा हललेला नाही. मधाच्या रंगाचे डोळे तेवढे एकदा डमीकडे, एकदा मालकाकडे. परवानगी मागतोय म्हणावं, तर तसं वाटत नाही. 'निघू ना मग?' एवढंच.

हा चेसापीक बे रिट्रीव्हर. लाडाचं नाव चेसी.

1807 साली न्यूफाउंडलंडहून इंग्लंडकडे निघालेलं एक जहाज अमेरिकेत मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ बुडायच्या बेतात होतं. बाल्टिमोरच्या 'कँटन' जहाजाने त्यावरची माणसं वाचवली, आणि दोन पिल्लंही. 'कँटन'वरच्याच जॉर्ज लॉ यांनी ती एकेका गिनीला, म्हणजे जुन्या इंग्रजी सोन्याच्या नाण्याला, विकत घेतली. मळकट तांबूस नर सेलर, काळी मादी कँटन. पुढे दोघांची ताटातूट झाली, चेसापीक उपसागराच्या दोन काठांवर. तरी 1877 मध्ये बाल्टिमोरच्या प्रदर्शनात दोन्ही काठांवरचे त्यांचे वंशज समोरासमोर आले, तेव्हा ते एकाच घरातले वाटावेत इतके सारखे होते.

[क्लोज-अप: ओले केस, बोटांनी बाजूला सारलेले.]

आत लोकरीसारखा दाट थर, तोही तेलकट. पाणी कातडीपर्यंत सहसा पोचतच नाही. त्या तेलाला थोडा वास असतो, हे घरात आणण्याआधी सांगितलेलं बरं.

एकोणिसाव्या शतकात इथले शिकारी बदकं मारून बाजारात विकत. कुत्र्याने दिवसभर गारठ्यात पोहून बदकं आणायची आणि मालक नसताना मालाची राखणही करायची. लाटांआड पक्षी कुठे वाहत गेला, हे काठावरच्या माणसाला दिसत नसे. ठरवायचं कुत्र्यानेच. त्या कामासाठी जपलेल्या गुणाला आज आपण दिवाणखान्यात बसून हट्टीपणा म्हणतो.

प्रशिक्षक गमतीने म्हणतात, लॅब्राडॉरला हुकूम सोडा, चेसीशी बोलणी करा. गमतीत तथ्य आहे. आवाज चढवला, हात उगारला, की चेसी अंग चोरतो, काम थांबवतो, आणि ते लक्षात ठेवतो. एकच फेक दहादा केली तरी तेच. तीनदा आणून दिलं, आता तुम्हीच जा, असा चेहरा करून तो गवत हुंगायला लागतो. तिथे रागावण्यापेक्षा जागा बदला, डमी लपवा, डोकं लावायला काहीतरी द्या.

[घर. सात महिन्यांचं पिल्लू, तोंडात चप्पल. समोर मालकीण.]

खरी कसोटी इथे. चप्पल हिसकावली, तर पिल्लू एवढंच शिकतं की पुढच्या वेळी दात आणखी घट्ट रोवायचे. राखण रक्तातच आहे. म्हणून मालकीण शांतपणे खाली बसते आणि चप्पलपेक्षा चांगलं काहीतरी नाकापुढे धरते. 'सोड.' पिल्लू हिशेब करतं. चप्पल खाली.

नियम मात्र घरात सगळ्यांचा एकच हवा. आईने हटकलं आणि बाबांनी चालवून घेतलं, की पळवाट सापडलीच. परक्यांशीही हा जरा राखूनच असतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत माणसं, आवाज, दुसरे कुत्रे भरपूर दाखवावे लागतात. आणि धीर धरावा लागतो. याला पोक्तपणा यायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

काही चेसी खुशीत ओठ मागे ओढून दात दाखवतात. नवखा पाहुणा दोन पावलं मागे सरतो. त्याने दातांऐवजी शेपटी बघावी.

[पुन्हा काठ.]

डमी तोंडात घेऊन कुत्रा परत आलाय. मालक हात पुढे करतो, ओढत नाही. कुत्रा हाताकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. डमी तळहातावर येते, आणि मग, अगदी खेटून उभं राहून, तो अंग झटकतो.