खिम्याला मसाला लावू नका

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला काय करू नका ते सांगायला आलोय. खिमा मळू नका, त्यात आलं-लसूण घालू नका, कोथिंबीर तर अजिबातच नको आणि मीठसुद्धा नको, निदान तव्यावर पडेपर्यंत तरी नको. मला माहितीय, आपल्याकडे हे सांगणं म्हणजे फोडणीत मोहरी घालू नका म्हणण्यासारखं आहे. पण फास्ट फूडच्या दुकानात कागदात गुंडाळून मिळतो ना तो पातळ, मऊ, चार घासांत संपणारा बर्गर, तो घरी जमवायचा असेल तर दुसरा इलाज नाही, आणि हे कळायला मला जवळजवळ सहा महिने लागले.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. घरात बीफ येत नाही. बाहेर मुलगी काय खाते ते मी विचारत नाही आणि मी काय खाल्लंय ते माझ्या आईला अजून माहीत नाही, म्हणजे आता हा कार्यक्रम ती ऐकत असेल तर कळलंच म्हणा. तर मुलीची फर्माईश आली, बाबा, तू घरी कर की तसा पातळवाला बर्गर. मी म्हटलं त्यात काय मोठं, खिमा आणला, आलं-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला, वर एक अंडं, छान मळून घेतला आणि चांगले जाडजूड गोळे थापून भाजले. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, मस्त झालाय, पण हा शामी कबाब आहे."

बरोबर होतं तिचं. मग मी जरा वाचायला लागलो, बघायला लागलो, आणि लक्षात आलं की पातळ बर्गर म्हणजे जाड बर्गरची गरिबांची आवृत्ती नाहीये, ती वेगळीच वस्तू आहे. १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात व्हाइट कॅसल नावाचं बर्गरचं दुकान सुरू झालं तेव्हा बर्गर पाच सेंटला होता, एवढासा, चौकोनी, आणि कांद्याच्या वाफेवर शिजवलेला. पुढे त्यांनी त्या चौकोनाला पाच भोकं पाडायला सुरुवात केली, म्हणजे वाफ खालून वर जाते आणि उलटायची गरजच पडत नाही. मग १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनल्ड भावांनी आपलं चालतं दुकान बंद ठेवून सगळं नव्याने मांडलं, मेन्यू छाटला, वेटर काढले, काचेच्या प्लेटा काढल्या आणि बर्गर पंधरा सेंटला लावला. एका पाउंडात दहा पॅटी, म्हणजे बनमधल्या मांसाच्या चकत्या. म्हणजे एक पॅटी झाली ४५ ग्रॅमची. ४५ ग्रॅम हो! आपण वड्याचा गोळा घेतो तोसुद्धा त्याहून मोठा असतो.

आणि त्यात काय घालतात? काही नाही. नुसतं मांस, चरबीसकट. मीठ-मिरपूड पडते ती तव्यावर, वरून. ह्याचं कारण आहे, मीठ आधी मिसळलं की मांसातली प्रोटीनं सुटतात आणि एकमेकांना चिकटून बसतात, मग शिजल्यावर ते सॉसेजसारखं रबरी होतं. मी दोन्ही करून पाहिलं, एकाच खिम्याचे दोन गोळे, एकात मीठ आधी घातलं आणि अर्धा तास ठेवलं, दुसऱ्यावर नंतर. पहिला चेंडूसारखा ताठ, दुसरा दाताखाली सुटा पडणारा. कबाबाला ती चिकटण हवी असते, सळीवर टिकायचं असतं त्याला. बर्गरला नको.

आता मांस कुठलं. मूळ बर्गर बीफचाच, त्याबद्दल उगाच गोलगोल बोलत नाही, आणि त्यातही साधारण वीस टक्के चरबी असलेलं. आमच्याकडे मी बोकडाचा आणि लँबचा खिमा अर्धा-अर्धा घेतो. मटणाचा बर्गर ही काही माझी आयडिया नाही, १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं तेव्हा महाराजा मॅक मटणाचाच होता, चिकनचा नंतर झाला. फक्त बोकडाचा खिमा फार कोरडा असतो. मी ओक ट्री रोडवरच्या खाटकाला म्हटलं की पाच भागाला एक भाग चरबी घालून दळून द्या, तर तो दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, साहेब, सगळे काढायला सांगतात. आणि एक लक्षात ठेवा, ही चरबी गार झाली की लगेच थिजते, टाळूला चिकटते, त्यामुळे गरमच खायचं. चिकन वापरणार असाल तर तंगडीचं घ्या, छातीचं नको, आणि आतपर्यंत नीट शिजवा, चिकनला ७४ डिग्री सेल्सिअस आणि मटणाला ७१ लागतात असं इथलं सरकारी माप आहे. थर्मामीटर एवढ्या पातळ पॅटीत घुसवणं कठीणच असतं म्हणा, आडवा घालावा लागतो.

मसाला सोडला तरी माझी दुसरी चूक व्हायची होतीच. आजकाल सगळीकडे ते स्मॅश बर्गरचं वेड आहे ना, लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवायचा, गोळा टाकायचा आणि उलथण्याने असा दाबायचा की कडा जाळीदार, कुरकुरीत व्हाव्यात. मीही केलं. घरात धूर, स्मोक अलार्म बोंबलतोय, बायको टॉवेल घेऊन खुर्चीवर उभी राहून वारा घालतेय, आणि बर्गर मात्र झकास झाला, खरपूस, थालीपीठाच्या कडेसारखा खमंग. पण पुन्हा तेच, मुलगी म्हणाली, मस्तच, पण तो नाही हा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की तो कागदातला बर्गर कुरकुरीत कधी नसतोच! तो मऊ असतो, थोडासा वाफाळलेला, बन आणि मांस एकच झाल्यासारखा.

त्यासाठी आम्ही एका रविवारी मुद्दाम हॅकेनसॅकला गेलो, तिथे व्हाइट मॅना म्हणून १९४६ पासूनचं छोटंसं डायनर, म्हणजे साधंसं हॉटेल आहे. मोजून थोडी स्टुलं, आणि मध्ये तवा, सगळं तुमच्या नाकासमोर. तो माणूस मांसाची गोळी टाकतो, वर पातळ चिरलेला कांदा अक्षरशः मूठभर, उलथण्याने दाबतो, आणि मग त्याच्यावरच बन ठेवून देतो. बास. कांद्याचं पाणी सुटतं, वाफ बनमध्ये शिरते, बन गुबगुबीत होतो. मी तिथे बसून खाण्याऐवजी नुसता बघत होतो, माझा एक मुलीने खाऊन टाकला तेव्हा कळलं. ओक्लाहोमातल्या एल रेनो गावात तर असा कांदा मांसात दाबून भाजायची जुनी चाल आहे, शंभरएक वर्षांपूर्वी मांस परवडत नव्हतं तेव्हाची. रश्शात बटाटा वाढवतो ना आपण, पाहुणे जास्त झाले की? तेच.

तर आता मी करतो ते सांगतो. खिम्याचे ४५-४५ ग्रॅमचे गोळे, वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही, आणि जास्त दाबायचे नाहीत, नुसते गोळा होतील इतपत. मग आमच्याकडे पुरी दाबायचं मशीन आहे, त्यात दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून दाबायचा. मशीन नसेल तर थालीपीठासारखा हाताने थापा. बनपेक्षा बोटभर मोठा हवा कारण तव्यावर आकसतो, माझा साधारण ११ सेंटीमीटरचा असतो आणि जाडी अर्धा सेंटीमीटरपण नाही. मग मध्ये कागद घालून एकावर एक रचून फ्रीजरमध्ये, कडक होईपर्यंत. हे गोठवणं महत्त्वाचं आहे, कारण मऊ असताना उचलला की फाटतो, आणि गोठलेला थेट तव्यावर टाकला की बाहेरची बाजू रंग धरेपर्यंत आतलं मांस कोरडं होत नाही. तवा गरम पण धुराशिवाय. पहिली दहा सेकंद उलथण्याने सपाट धरायचा, नाहीतर वाटीसारखा वळतो. मीठ, मिरपूड, एक-दीड मिनिटात उलटा, दुसरी बाजू त्याहून कमी.

कांदा मी चिरत नाही इथे, वाळवलेल्या कांद्याचे बारीक तुकडे मिळतात ते वीसेक मिनिटं पाण्यात भिजवतो, मोठ्या दुकानांची ती खास चव तिथूनच येते, ताज्या कांद्याने येतच नाही. बन कापलेल्या बाजूने कोरडाच तव्यावर, लोणी न लावता, जरा तपकिरी होईपर्यंत. मग केचप, पिवळी मोहरीची सॉस अगदी थेंबभर, काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या. तिथे पुण्या-मुंबईत बन फार गोड मिळतात, त्यापेक्षा लादी पाव घ्या आणि पॅटी छोटी करा, व्हाइट कॅसलच्या जवळ जाईल.

आणि शेवटचं, कागद. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. त्यात कोंडलेल्या वाफेने बन मऊ पडतो, कांदा आणि लोणच्याचा वास सगळीकडे शिरतो, उघडल्यावर जो भपकारा येतो ना, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

परवा असे चार केले, कागदात गुंडाळून त्यातले दोन मुलीच्या हातात दिले. तिने वास घेतला, काही बोलली नाही, मग माझ्या खिशातून गाडीची किल्ली काढली. मी म्हटलं कुठे चाललीस? म्हणाली, कुठेच नाही. आणि गॅरेजमध्ये जाऊन, बंद गाडीत, पुढच्या सीटवर बसून दोन्ही खाल्ले. उरलेल्या दोनांपैकी एक मी घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसलो.