सुटकेआधीची सही

[पडद्यावर: तुरुंगातलं टेबल. त्यावर एक फॉर्म, एक पेन.]

कॅलिफोर्निया. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या कैद्याला दार उघडण्याआधी एक फॉर्म वाचावा लागतो आणि त्यावर सही करावी लागते. फॉर्मचं म्हणणं एवढंच, की पोलिसांकडे नाव नोंदवायची जबाबदारी याला समजावून सांगितली आहे.

ही सही घेणं तुरुंगाच्या प्रमुखाचं काम. कायद्यानेच ते त्याच्या गळ्यात घातलंय. बाहेर पडल्यावर कैदी कुठे राहणार तो पत्ता त्याने घ्यायचा, ताजा फोटो राज्याच्या न्याय खात्याला पाठवायचा. फॉर्मची एक प्रत कैद्याला, एक न्याय खात्याला, एक नव्या पत्त्याच्या हद्दीतल्या पोलिसांना.

बाहेर पाऊल पडलं की दिवस मोजायला सुरुवात. राहायला गेल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत पोलिसांकडे नोंद. घर बदललं की पुन्हा 5 दिवस. घरच नसेल, फुटपाथवर किंवा गाडीत झोपत असेल, तर दर 30 दिवसांनी. शिवाय वर्षातून एकदा, वाढदिवसापासून कामकाजाच्या 5 दिवसांत. वाढदिवस कोणी विसरत नाही, एवढाच हिशेब असावा. केक कापायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पोलिसांची खिडकी मात्र चुकत नाही.

2021 पासून गुन्ह्याच्या प्रकारानुसार हे किमान 10 वर्षं, किमान 20 वर्षं किंवा जन्मभर चालतं. त्याआधी सरसकट जन्मभर होतं. चुकवलं तर तो नवा गुन्हा, आणि मूळ गुन्हा गंभीर वर्गातला असेल तर 3 वर्षांपर्यंत पुन्हा आत.

मग त्याला हे कोणी सांगितलंच नसेल तर?

[पडद्यावर: 1950च्या दशकातलं लॉस एंजेलिस. ट्राम, टोप्या घातलेली माणसं.]

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे आपण शाळेच्या नागरिकशास्त्रापासून ऐकतोय. अमेरिकेतही तेच शिकवतात. या नियमाला एका प्रकरणात भोक पडलं, आणि ते प्रकरण लैंगिक गुन्ह्याचं नव्हतंच.

लॅम्बर्ट आडनावाची एक बाई. 7 वर्षांहून जास्त काळ लॉस एंजेलिसची रहिवासी. त्याच काळात तिथेच खोट्या सह्यांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली. शहराचा एक नियम होता: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या कोणीही शहरात 5 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर पोलिसांकडे नाव नोंदवायचं. न नोंदवलेला प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा. पुढे भलत्याच संशयावरून तिला पकडलं आणि खटला भरला तो नाव न नोंदवल्याचा. 250 डॉलर दंड, 3 वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं. असा काही नियम आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. ते सांगायची संधीसुद्धा खालच्या कोर्टाने दिली नाही.

16 डिसेंबर 1957. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तिची शिक्षा रद्द केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती डग्लस यांनी. त्यांचा मुद्दा असा: या बाईने काही केलं म्हणून ती गुन्हेगार ठरली नाही. ती नुसती शहरात राहिली. अशा वेळी माणसाला जबाबदारी माहीत होती, निदान माहीत असण्याची शक्यता होती, एवढं तरी सरकारने दाखवायला हवं. नाहीतर हा कायदा डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात किंवा लोकांना न कळणाऱ्या भाषेत लिहिल्यासारखाच झाला.

विरोधात मत देणारे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर चिडले होते. हा निकाल कायद्याच्या पाण्यात बेवारस जहाजासारखा तरंगत राहील, असं भाकीत त्यांनी लिहून ठेवलं. ते बरंचसं खरंही झालं, इतर गुन्ह्यांत हा निकाल फारसा कामाला आला नाही. नोंदणीच्या खटल्यांत मात्र तो पुन्हा पुन्हा बंदराला लागतो.

[पडद्यावर: पुन्हा तोच फॉर्म. सहीची जागा.]

लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी कॅलिफोर्नियात 1947 सालापासूनची, अमेरिकेत सगळ्यांत आधीची. 2001 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीला जबाबदारी खरोखर माहीत होती हे सिद्ध झालं पाहिजे. ती त्याला माहीत असायला हवी होती, एवढ्यावर भागणार नाही. 2004 मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही बंद केली: माहीत होतं पण विसरलो, हा बचाव नाही.

या दोन निकालांच्या मधोमध तो कागद येतो. सरकारी वकील ज्युरीसमोर तो धरतो आणि म्हणतो, ही बघा सही.

पण सही म्हणजे समजणं नव्हे. सुटकेच्या दिवशी माणसाचं अर्धं लक्ष दाराकडे असतं. ज्याला धड वाचता येत नाही तोही पुढे सरकवलेल्या कागदावर सही करतो. बँकेत कर्जाच्या कागदांवर आपण ‘इथे, इथे आणि इथे’ करत किती पानं उलटतो ते आठवा. अधिकाऱ्याने दहा मिनिटं बसून समजावलं की नुसतं पेन पुढे केलं, हे कागदावरून कळत नाही. आणि यात नुकसान एकट्या कैद्याचं नाही. ज्या मुलांसाठी ही यादी केली, त्यांच्या शेजारी कोण राहायला आलंय हे पोलिसांना कळायचं असेल, तर त्या माणसाला कुठे, किती दिवसांत जायचं ते आधी नीट कळलेलं हवं.

2006 सालच्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने हे कर्तव्य देशपातळीवर नेलं. फ्लोरिडातून 1981 मध्ये पळवून मारलेल्या 6 वर्षांच्या मुलाचं नाव या कायद्याला आहे. सुटकेच्या थोडं आधी, किंवा तुरुंगवास नसेल तर शिक्षा सुनावल्यावर लगेच, अधिकाऱ्याने तीन कामं करायची. समजावायचं, सही घ्यायची, आणि नोंद झाल्याची खात्री करायची. इथे फॉर्मचं वाक्य थोडं लांबलंय: मला समजावलं आणि मला समजलं.

[पडद्यावर: येरवड्याचा मोठा दरवाजा.]

आपल्याकडे हजेरीची वही नवी नाही. इंग्रजांनी 1871 पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींची पोलिसांकडे नोंद व्हायची, आणि त्यासाठी गुन्हा करावा लागत नव्हता, जन्म पुरत होता. तो कायदा 1952 मध्ये गेला. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आली 20 सप्टेंबर 2018 ला, सुरुवातीलाच 4 लाखांहून जास्त नोंदी घेऊन. ती जनतेसाठी खुली नाही, फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. आणि ती भरायचं काम पोलिसांचंच.

म्हणजे येरवड्यातून सुटणाऱ्याने या यादीसाठी कुठे जायचं नाही, कोणाला काही कळवायचं नाही. म्हणून त्याला काही समजावण्याचं कामही कोणाकडे नाही. त्याचं नाव यादीत असतं. फॉर्म नसतो.