गाडलेलं गुपित, दोन काळ आणि एक पेव

नमस्कार. दोन काळांत चालणारी रहस्यकथा लिहायचीय आणि गाव आपल्या मराठवाड्यातलं? मग आधी एवढं सांगा: गुपित इतकी वर्षं दडून का राहिलं, आणि नेमकं आत्ताच का उघडं पडलं? 'वाडा पाडताना पेटी सापडली' हे चालणार नाही. पेटी दहा वर्षं आधीही सापडली असती.

किल्लारीच्या आसपासचं एक काल्पनिक गाव घेऊ. जुना काळ सप्टेंबर 1948, म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य संपलं आणि त्याच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांची दहशत होती तो. नवा 1993. नवा काळ आजचा का नाही? वयाचा हिशेब करा. 1948 ला विशीत असलेला साक्षीदार 1993 मध्ये पासष्टीचा. बोलू शकतो, खोटंही बोलू शकतो.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं: किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड सपाट छप्पर, म्हणजे माळवद, सगळं अंगावर आलं. मग ढिगारे उपसले, कित्येक गावं नव्या जागी वसवली. जुन्या गावठाणात खोदायला हे कारण पुरेसं आहे. हे दुःख खरं आहे, त्यामुळे भूकंप नुसता नाट्यासाठी वापरू नका.

आता लपवायची जागा. पेव! जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. बंद पेवात धान्य श्वसन करतं, ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून जाणता माणूस तोंड उघडून वारं खेळू देतो, दिवा सोडून बघतो. विझला की उतरत नाही. तुमचा खुनी एवढंच करतो: 'रझाकार येतायत, पटकन धान्य काढ' म्हणून भावाला लगेच उतरवतो. हत्यार नाही, सांगाड्यावर घाव नाही. मागाहून 'रझाकारांनी नेलं' म्हटलं की गाव विश्वास ठेवतं. भाऊबंदकीचा खून त्या धामधुमीत खपून जातो.

कागदही आणा, पण तो उर्दूत असणार. निजामी दफ्तराची भाषा तीच. वाचणारा शोधण्यात दोन प्रकरणं सहज जातात. तारीख फसली सनाची, म्हणजे निजामी राज्यातल्या महसुली कालगणनेची. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, पण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, म्हणून काही महिन्यांना 591 लागतात. तुमचा शोधणारा 590 च मिळवतो आणि एक वर्ष चुकतो. फुकटात मिळालेली दिशाभूल आहे, सोडू नका. आणि हो, 1948 च्या प्रकरणात 'लातूर जिल्हा' लिहिलंत तर वाचणारा तिथेच पुस्तक मिटेल. तो झाला 1982 मध्ये, तोवर उस्मानाबादच.

लिहिताना 1948 ची गोष्ट आधी सलग पुरी करा, मग तोडा. बहुतेक कच्चे मसुदे इथेच फसतात: जुन्या प्रकरणात जे कळलं, तेच नव्यात पात्र पुन्हा शोधून काढतं आणि वाचक जांभया देतो. एक वही करा, दोन रकाने: वाचकाला काय माहीत, पात्राला काय. प्रत्येक प्रकरणानंतर दोन्ही भरा. रकाने सारखे झाले की तिथलं एक प्रकरण काढून टाका.

24 प्रकरणं असतील तर 1948 ला 9 पुरेत. त्यातलं शेवटचं प्रकरण तोडा पेवाच्या तोंडावर फरशी बसते तिथे. फरशी धरायला दुसरं कोण होतं, ते 1993 मधल्या पासष्टीच्या बाईच्या तोंडून येऊ द्या.