झाकणाखालचा गोंद

[दृश्य : म्हापसा बाजाराजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कारागिराचे हात, हीटगन, उपडा ठेवलेला फोन.]

फोन उघडायचा तर आधी तो तापवावा लागतो. हीटगन कडेकडेने फिरवत ठेवायची. एका जागी थांबली की पुढच्या पडद्याला चटका बसलाच. काच पुरेशी तापली की सक्शन कप लावून ती केसभर उचलायची आणि तेवढ्या फटीत प्लास्टिकचा पिक सरकवायचा. आता जवळून बघा. पिक पुढे जातोय आणि त्याच्या मागे काळ्या गोंदाचे धागे ताणले जाताहेत. या फोनच्या पाठीला एकही स्क्रू नाही. सगळा भार या गोंदावर.

पाठ निघाली की मग स्क्रू दिसतात. ते काढायचे, वरची प्लेट उचलायची आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. तो विसरलात आणि चिमटा भलत्या जागी टेकला, तर बॅटरीच्या कामात बोर्ड जातो.

बॅटरी फुगली आहे. चपटी असायला हवी ती उशीसारखी वर आलीय. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, वरचेवर तापली, की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकीट बंद, त्यामुळे वायू तिथेच कोंडतो. अशी बॅटरी धातूच्या पट्टीनं उचकटायची नसते. पाकीट फाटलं तर ती पेट घेऊ शकते. आणि नेमकी हीच बॅटरी खाली गोंदानं घट्ट चिकटवलेली आहे. म्हणून कारागीर कडेनं अल्कोहोलचे थेंब सोडतो, थांबतो, प्लास्टिकचं कार्ड घालून जरा उचलतो, पुन्हा थेंब सोडतो. हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलेलं नाही. याच कामाला पूर्वी नख पुरत असे.

फोन पेडण्याच्या एका काकींचा आहे. घेऊन दोन पावसाळे झालेत. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना ‘आता नवीनच घ्या’ असा सल्ला मिळाला होता.

[दृश्य : शोकेसच्या खालच्या खणातले जुने फोन. एकाचं झाकण उघडताना.]

हा सॅमसंगचा गॅलेक्सी एस५, २०१४ सालचा. झाकण नखानं निघालं, बॅटरी हातात आली. याला आयपी६७ दर्जा होता, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याचा. झाकणाच्या आत फिरलेली ही रबराची बारीक कड पाणी अडवायची. पुढच्याच वर्षी एस६ आला. पाठ काचेची, बॅटरी आत बंद, आणि पाण्यापासून बचावाचा तो दर्जाही गायब. तेव्हापासून बॅटरी बंद का, असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात : फोन बारीक हवा म्हणून, आणि पाणी शिरू नये म्हणून. बारीकपणाचं कारण एक वेळ पटतं. पाण्याचं पटत नाही, कारण याच कंपनीच्या एक्सकव्हर मालिकेत बॅटरी काढता येणारे आणि पाण्याला दाद न देणारे फोन पुढेही निघत राहिले. ते साइटवर, कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी काय पाप केलंय, ते कळत नाही.

[दृश्य : मायक्रोस्कोपखाली चार्जिंग पिन. हिरवट थर.]

गोव्यात पाण्याची गोष्ट समुद्राकडेच जाते. कळंगुट-बाग्याला फोटो काढता काढता लाट आली, फोन भिजला. पुसला, चालू आहे, मग रात्री चार्जिंगला लावला. इथेच घात होतो. खारं पाणी वीज वाहून नेतं. पिनांच्या मध्ये त्याचा थेंब असताना चार्जर जोडला की धातू झिजू लागतो आणि हा असा हिरवा गंज धरतो. कारागीर मऊ ब्रशनं तो खरवडतोय. खालची पिन जवळजवळ खाल्ली गेलीय.

खोक्यावर मात्र आयपी६८ लिहिलेलं असतं. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते, नव्या कोऱ्या फोनची होते. समुद्राची लाट तिच्यात धरलेली नाही, आणि दोन वर्षं खिशात राहून, एकदा-दोनदा पडून कडेचा गोंद सैल झालेला फोनही धरलेला नाही. ऑस्ट्रेलियात सॅमसंगच्या जाहिरातींमध्ये लोक फोन घेऊन तरणतलावात आणि समुद्रात उतरलेले दाखवले होते. त्याबद्दल २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयानं कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. मुद्दा नेमका हाच होता : ओल्या फोनला चार्जर लावला तर पिन गंजू शकते, आणि जाहिरात ते सांगत नव्हती. इटलीत २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोचा दंड झाला. पाण्याला तोंड देण्याचा गाजावाजा करायचा आणि वॉरंटीत मात्र पाण्यानं झालेलं नुकसान धरायचं नाही, हे तिथल्या नियामकाला पटलं नाही. आपल्याकडे असा फोन घेऊन गेलात की आतलं, पाणी लागून लाल झालेलं स्टिकर दाखवतात. विषय संपला.

[दृश्य : गणपतीच्या चवथीची आरास, माटोळी (मूर्तीवर टांगलेली फळाफुलांची चौकट). ॲम्प्लिफायरला जोडायची लांब वायर, फोनच्या कडेला भोक शोधणारा मुलगा.]

सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्यातला हेडफोनचा जॅक गेला. मंचावरून कंपनीनं याला धैर्य म्हटलं. सॅमसंगनं जाहिरातीतून थट्टा केली, आणि २०१९ च्या नोट १० मधून स्वतःचा जॅक काढला. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला. पर्यावरणासाठी, असं सांगितलं. सॅमसंग पुन्हा हसली, पुन्हा काही महिन्यांतच मागोमाग गेली. गावच्या चवथीला, भजनाच्या सरावाला जी वायर वर्षानुवर्षं कुठल्याही फोनला लागत होती, तिला आता मध्ये एक बोटभर लांबीचा तुकडा लागतो. तो हरवण्यासाठीच बनवलेला असावा.

[दृश्य : नवी बॅटरी बसलेला आयफोन. पडद्यावर सूचना.]

गोंद फक्त झाकणाखाली असतो असं नाही, सॉफ्टवेअरमध्येही असतो. २०१८ आणि नंतरच्या आयफोनमध्ये बाहेर बॅटरी बदलली की ही सूचना येते : बॅटरी अस्सल असल्याची खात्री करता येत नाही. तशाच दुसऱ्या आयफोनमधून काढलेली अस्सल बॅटरी लावली, तरी बराच काळ हेच होत असे. २०२१ च्या आयफोन १३ ला बाहेर पडदा बदलला की चेहरा ओळखून लॉक उघडणारं फेस आयडी बंद पडायचं. ओरड झाली, कंपनीनं अपडेट देऊन ते सोडलं. एका अपडेटनं सुटतं, तर अडचण यंत्राची कधीच नव्हती. सुट्या भागांना असं जखडण्यावर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये कायद्यानं बंदी आणली.

डिसेंबर २०१७ ची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी करतो, हे ॲपलनं कबूल केलं. त्याला तांत्रिक कारण होतं. म्हातारी बॅटरी एकदम मोठा प्रवाह देऊ शकत नाही, प्रोसेसरनं तो मागितला की फोन पटकन बंद पडतो. म्हणून प्रोसेसरलाच आवर घातला. कारण रास्त. पण लोकांना सांगितलं नाही, आणि फोन मंद झाला म्हणून लोक नवा फोन बघू लागले, जेव्हा फक्त बॅटरी बदलून भागलं असतं. फ्रान्सनं २०२० मध्ये यासाठी अडीच कोटी युरोचा दंड केला. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ए या जुन्या फोनवर आपोआप उतरणारं अपडेट सोडलं. काही फोनांची बॅटरी त्यानंतर पूर्वीइतकी भरतच नाही. या वेळी निदान सांगून केलं.

[दृश्य : दुकानातली गर्दी, फोनचे ढीग.]

युरोपनं या सगळ्याला नियमानं उत्तर द्यायचं ठरवलंय. जून २०२५ पासून तिथे फोन विकायचा तर विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः बदलता यावी असा नियम लागू होतोय. पळवाट आहेच : पाण्यात टिकणाऱ्या फोनची बॅटरी हजार वेळा चार्ज करूनही ८० टक्के उरत असेल, तर ती कारागिराकडूनच बदलावी लागली तरी चालेल. पण त्यासाठी निदान बॅटरी तरी तेवढी चांगली बनवावी लागेल. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेटची हमी मिळू लागली, पण ती महागड्या फोनांना. या काउंटरवर येतात ते फोन त्या किमतीचे नसतात. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं.

काढलेली बॅटरी वाळूच्या डब्यात जाते. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तिची पुढची जबाबदारी उत्पादकाची.

[दृश्य : स्वस्तातला नवा फोन सुरू होतोय. ‘सहमत’, ‘पुढे’, ‘सहमत’.]

आता आतल्या मालाकडे येऊ. नवा फोन. अजून मालकानं एकही ॲप घेतलेलं नाही, तरी पडदा भरलेला आहे. खेळ, खरेदी, कर्ज देणारं काहीतरी, आणि लॉकस्क्रीनवर रोज बदलणारी चित्रं, ज्यांतली निम्मी जाहिराती. बोट दाबून धरलं तर काहींवर ‘काढून टाका’ येतं, काहींवर फक्त ‘बंद करा’. बंद केलेलं ॲप जागा अडवून तिथेच बसतं. फोनची किंमत कमी ठेवण्यासाठी या ॲपांचे पैसे कुठूनतरी येतात, हे खरं आहे. पण मग ती सवलत कशाच्या बदल्यात, तेही खोक्यावर लिहायला हवं.

अँड्रॉइडच्या बाबतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. फोन कंपन्यांना गूगलची ॲपं जुडीनं घ्यायला लावणं, हा त्यातला एक मुद्दा होता. आणि हा मोह सरकारलाही सुटत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून घालायचा आदेश काढला. हेतू चोरीचे फोन आणि फसवणूक रोखण्याचा. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप उपयोगाचं आहे. ज्याला हवं तो घेईल. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलंय. हेतू चांगला असला की तो अधिकार बाजूला ठेवता येतो, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

[दृश्य : काउंटर. फोनच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी, त्यावर नऊ ठिपके आणि पेनाची रेघ. ठिपके धूसर केलेले.]

आणि हे मात्र कुठल्या कंपनीच्या माथी मारता येणार नाही. दुरुस्तीला टाकलेल्या प्रत्येक फोनच्या पाठीवर अशी चिठ्ठी : नाव, नंबर, काय बिघडलंय, आणि पॅटर्न. बॅटरी बदलायला पॅटर्न लागत नाही. पडदा बदलल्यावर टच तपासायचा तर मालकासमोर तपासता येतो. त्या रेघेच्या पलीकडे बँक आहे, फोटो आहेत, घरच्यांचे निरोप आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी लॅपटॉप मुद्दाम बिघडवून दुकानांत दिले आणि आत काय घडतं याची नोंद ठेवली. काही ठिकाणी तंत्रज्ञांनी मालकाचे फोटो चाळले होते, काहींनी माग पुसायचा प्रयत्न केला होता.

या दुकानात पद्धत बदललीय. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स मोड आहे : सेटिंग्ज, डिव्हाइस केअर, मेंटेनन्स मोड. चालू केला की फोन पुन्हा सुरू होतो आणि कारागिराला मालकाचे फोटो, मेसेज, त्यानं घातलेली ॲपं काहीच दिसत नाही. टच, कॅमेरा, स्पीकर तपासता येतात. मालकानं स्वतःचा लॉक उघडून मोड बंद केला की सगळं जागच्या जागी. पिक्सेलमध्ये याच कामाचा रिपेअर मोड आहे. कंपन्यांनी केलेलं एक चांगलं काम, आणि त्याची जाहिरात मात्र कुठे दिसत नाही.

ज्या फोनात ही सोय नाही, त्यांच्यासाठी कारागीर फोन पुढे सरकवतो : “काकी, पॅटर्न तुम्हीच मारा, मी बघत नाही.” पेडण्याच्या काकी पदराआड धरून पॅटर्न मारतात. टच चालतो, चार्जिंग चालतं, बिल होतं.

त्यांच्या मागे उभा असलेला तरुण फोन काउंटरवर ठेवतो आणि कुणी विचारायच्या आत आपला पॅटर्न मोठ्यानं सांगून मोकळा होतो. व्हिडिओत तिथे आम्ही आवाज बंद केलाय. दुकानात मात्र रांगेतल्या सगळ्यांनी तो ऐकला.